एकट्या गिनीपिगाला सोबत कोणाची?

गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही देवळाबाहेर सावलीत उभे होतो. धारवाडजवळच्या एका खेड्यातले एक शेतकरी बंधू आमच्याकडे आले, आम्हांला थोडे बाजूला घेतले आणि म्हणाले, “एक विचारायचं होतं, पण हसू नका.” आम्हांला वाटले, कापसावरच्या अळीविषयी किंवा म्हशीच्या कासेविषयी काही असेल. पण त्यांचा प्रश्न वेगळाच होता. त्यांच्या मुलाने दोन गिनीपिग पाळले होते. दोन्ही नर. मोठे झाल्यावर ते एकमेकांना चावून रक्त काढू लागले, म्हणून एकाला डॉक्टरांकडून खच्ची करून घेतले. तरी मारामारी थांबेना, तेव्हा दुसरा नर मेव्हण्याकडे देऊन टाकला. आता मागे राहिलेला नर नुसता कोपऱ्यात बसून असतो, गवतही निम्मेच खातो. “घरातली म्हणते, त्याला एखादी मादी आणून द्या. पण मादी आणली तर घरभर पिल्लं होतील का हो?”

आम्ही हसलो नाही. हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात उभा राहिला होता आणि आम्ही त्याचे उत्तर चुकीचे काढले होते. त्या चुकीपायी एक जीव गेला. त्या बंधूंना आम्ही उभ्या उभ्या जे सांगितले, तेच येथे जरा सविस्तर लिहीत आहोत.

शेतीच्या पानावर गिनीपिग कशाला, असे काही वाचकांना वाटेल. तो दूध देत नाही, अंडी देत नाही, आपल्याकडे कोणी तो खातही नाही. परंतु हल्ली मुलांच्या हट्टापायी तो शेतकऱ्यांच्या घरांतही येऊ लागला आहे. एकदा दाराशी आला की म्हैस काय आणि गिनीपिग काय, त्याचे पोट भरणे आणि दुखलेखुपले पाहणे आलेच. शिवाय म्हशीविषयी चार गोष्टी सांगणारे म्हातारे गावोगाव भेटतात. गिनीपिगाविषयी सांगणारे कोणी नसते.

हा प्राणी डुक्कर नव्हे आणि गिनी देशातलाही नव्हे. कन्नडमध्ये त्याला ‘गिनी इली’ म्हणतात, म्हणजे गिनीचा उंदीर. ते निदान जवळचे आहे, कारण तो उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी आहे. गोव्याकडच्या ज्या जुन्या मंडळींना पोर्तुगीज येते त्यांना त्याचे पोर्तुगीज नाव ठाऊक असेल. त्याचा अर्थ होतो ‘इंडियातले छोटे डुक्कर’. ही इंडिया आपली नव्हे. त्या काळी युरोपातले लोक अमेरिकेलाही इंडियाच म्हणत. गिनीपिगाचे खरे घर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर या देशांत तो हजारो वर्षांपासून पाळला जातो, आणि तिकडे तो खाण्यासाठीच पाळतात. पेरूतील कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराने १७५३ च्या सुमारास काढलेले शेवटच्या भोजनाचे चित्र आहे. त्यात प्रभू येशू आणि शिष्य यांच्या पुढ्यातल्या ताटात कोकरू नसून भाजलेला गिनीपिग आहे, असे सांगतात. त्या डोंगरातल्या भाविकांना सणाचे जेवण म्हटले की तेच डोळ्यांपुढे येत असणार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या अँडीजमधल्या शेतकऱ्यांच्या रीतीतच आहे. तिकडे एका नरामागे सात ते दहा माद्या ठेवतात. दोन वयात आलेले नर एका कळपात ठेवत नाहीत. त्यांचे रानातले भाऊबंदही असेच राहतात, एक नर, एकदोन किंवा अधिक माद्या आणि त्यांची पिल्ले. एकटा राहणे या प्राण्याच्या स्वभावातच नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ सालच्या प्राणिरक्षणाच्या नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवण्यास मनाई आहे. कमीत कमी दोन हवेत. आपल्याकडे असा नियम नाही, पण एकटा पडलेला गिनीपिग ज्यांनी पाहिला आहे त्यांना नियमाची गरज वाटणार नाही. तो ओरडत नाही, काही मागत नाही. नुसता पाठ करून बसतो.

दोन नर एकत्र मुळीच राहत नाहीत असे मात्र नाही. लहानपणापासूनचे दोघे भाऊ, मोठी जागा आणि आसपास मादीचा वासही नाही, अशा स्थितीत पुष्कळदा निभते. पण एकदा रक्त निघाले की पुन्हा जमत नाही. खच्ची केल्याने जुने वैर जाते ही समजूतही चुकीची आहे. खच्ची केल्याचा खरा फायदा हा की त्या नराला आता माद्यांबरोबर राहता येते, आणि त्याला सर्वांत चांगली मानवणारी सोबत तीच आहे. तेव्हा त्या बंधूंच्या घरातल्या बाईंचे म्हणणे बरोबर होते. फक्त केव्हा, कोणती आणि कशी, हे तीन प्रश्न उरतात. आम्ही पहिल्याच प्रश्नाला ठेच खाल्ली.

बडवलेला बैल आणि सहा आठवडे

आमच्या नराचे नाव भुऱ्या. त्याची शस्त्रक्रिया झाली, तीन दिवसांत तो खाऊपिऊ लागला, बाराव्या दिवशी जखम पूर्ण भरली. घरात त्याच्यासाठी एक मादी आधीच आणून ठेवली होती. दहा महिन्यांची, तांबूस-पांढरी, फार गरीब. मुलांनी धोशा लावला. आम्हीही विचार केला, आता याच्यात राहिले आहे काय? आणि दोघांना एकत्र सोडले. डॉक्टरांनी कागदावर ‘सहा आठवडे मादीपासून दूर’ असे स्वच्छ लिहून दिले होते. तो कागद कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेला होता. कॅलेंडरचे पान उलटले आणि कागद मागे गेला.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे कळायला हवे होते. बैल बडवला, म्हणजे चिमटा लावून त्याची नस ठेचली, तरी पुढचे काही आठवडे त्याला गाईंत सोडत नाहीत. का? वृषणांचे काम थांबले तरी त्यापुढच्या नळ्यांमध्ये आधीच तयार झालेले बीज शिल्लक असते आणि ते जिवंत असते. गिनीपिगाचेही अगदी तेच. वृषण काढून टाकले तरी नळ्यांतले बीज काही आठवडे टिकून राहू शकते. म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवसापासून सहा आठवडे मोजावेत. जखम भरली की झाले, असे समजू नये. जखमेचा आणि बिजाचा काही संबंध नाही.

मादी गाभण राहिली. हे आम्हांला कळले तेव्हा तिचे पोट दोन्ही बाजूंनी फुगले होते. मुलांना आनंद झाला. आम्हीही म्हटले, होऊ द्या, दोन पिल्ले झाली तर काय बिघडले? बिघडणार काय होते ते डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आमच्या पायांखालची जमीन सरकली.

गिनीपिगाची पिल्ले उंदराच्या पिल्लांसारखी आंधळी, उघडी नसतात. अंगावर पूर्ण केस, डोळे उघडे, तोंडात दात, अशी ती जन्मतात आणि काही तासांत धावू लागतात. त्यासाठी मादी ५९ ते ७२ दिवस त्यांना पोटात वाढवते. एवढे मोठे पिल्लू बाहेर यावे म्हणून विण्याच्या वेळी तिच्या कमरेच्या हाडांचा पुढचा सांधा सैल होऊन फाकतो. पण पहिले वेत वयाच्या सहासात महिन्यांच्या आत झाले नाही, तर तो सांधा घट्ट होतो आणि पुढे तेवढा फाकत नाही. आमची मादी गाभण राहिली तेव्हाच दहा महिन्यांची होती. ती रात्री अडली. पहाटेपर्यंत कळा देत राहिली. डॉक्टरांनी पोट उघडून पिल्ले काढण्याचा प्रयत्न केला. एवढ्याशा थकलेल्या जिवाला तो सोसला नाही. तिन्ही पिल्ले आत गेलेलीच होती.

त्या आठवड्यात मुलांनी आम्हांला काही विचारले नाही, हे आम्हांला सर्वांत जड गेले.

म्हणून वाचकांना पहिली विनंती अशी की, शस्त्रक्रियेची तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि त्याखाली सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहा. तोपर्यंत नराला अगदीच एकटे ठेवायला नको. मधे बारीक जाळी लावून दोन्ही बाजूंना खोकी ठेवता येतात. वास येतो, आवाज येतो, गवत खाताना एकमेकांशेजारी बसता येते. जाळी मात्र पक्की हवी आणि वरून उडी मारता येणार नाही एवढी उंच हवी.

मादी कोणती आणावी

दुकानदार मादी म्हणून देतो ती मादी असेलच असे धरून चालू नये. यात लबाडीच असते असे नाही. लहान वयात नर-मादी ओळखणे खरोखरच कठीण असते. पिल्लाला एका हाताने छातीखाली आधार द्यावा आणि दुसऱ्या हाताने मागची बाजू उजेडाकडे करावी. मादीची खाच दोन फाटे फुटलेल्या गुलेरीच्या काठीसारखी दिसते. नराच्या ठिकाणी एक ठिपका असतो आणि त्याच्या किंचित वर अंगठ्याने हलकेच दाबले असता लिंग बाहेर येते. गोट्या दिसत नाहीत म्हणून मादी, ही ओळख लहान पिल्लांत फसवते. खात्री नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. ते एका मिनिटात सांगतात.

दुसरी गोष्ट, आणलेली मादी आधीच गाभण असू शकते. पुष्कळ ठिकाणी नर-माद्या एकाच पिंजऱ्यात असतात, आणि मादी चारसहा आठवड्यांची झाली की माजावर येऊ लागते. अशी मादी आली तर खच्ची नराचे दोष काढू नयेत! उलट अशा वेळी तोच उपयोगी पडतो. विल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते, तेव्हा सोबत धडधाकट नर असेल तर ती लगेच दुसऱ्यांदा गाभण राहते आणि अंगावर पिल्ले असतानाच झिजते. खच्ची नराबरोबर ती भीती नाही. पिल्लांशीही तो सहसा चांगला वागतो. फक्त त्या पिल्लांतले नर तीन आठवड्यांचे झाले की आई आणि बहिणींपासून वेगळे केलेच पाहिजेत. तीन आठवडे म्हणजे फार लवकर वाटते, आम्हांलाही वाटले होते, पण गिनीपिगांचे घड्याळ आपल्यापेक्षा वेगाने चालते.

वयाचे म्हणाल तर, नर खच्ची असल्याने आणि सहा आठवडे पूर्ण झालेले असल्याने मादी कोणत्याही वयाची चालते. उलट आम्ही तर म्हणू की कोणा घरी मोठी झालेली, मुलांना कंटाळा आला म्हणून देऊन टाकायची असलेली मादी मिळत असेल तर ती आधी घ्यावी. ती शांत असते, तिचा स्वभाव तिच्या मालकाला विचारता येतो, आणि दुकानात आणखी एक पिल्लू मागवले जात नाही. दुकानातूनच घ्यायची असेल तर दुकानाला परवाना आहे का ते विचारावे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांविषयीच्या नियमांत कुत्र्या-मांजरांबरोबर गिनीपिगाचेही नाव घातलेले आहे.

माद्या एक की दोन? जागा असेल तर दोन. एक आजारी पडली वा गेली तरी मागे कोणी एकटे राहत नाही. तिघांना निदान पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा सपाट जमिनीवर हवी. दुमजली पिंजरा दिसायला छान, पण त्यांना चढण्याची आवड नाही. दोन नर आणि चार माद्या असला हिशोब मात्र करू नये. दोघेही खच्ची असले तरी माद्या समोर असल्या की नर भांडतात.

सशाची सोबत चालेल का, असे त्या बंधूंनी विचारले, कारण त्यांच्याकडे ससे आहेत. नाही. सशाची लाथ गिनीपिगाची बरगडी मोडू शकते, सशाच्या नाकाघशात त्याला स्वतःला त्रास न देणारे जंतू असतात जे गिनीपिगाला न्यूमोनिया आणतात, आणि दोघांची बोली वेगळी. एकाच खोक्यात दोन एकटे, एवढेच होते.

ओळख कशी करून द्यावी

नवी मादी आणली की दोनतीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावी. या काळात शिंका, पाण्याने भरलेले डोळे, पातळ लेंड्या, उवा, खाजवून गेलेले केस यांकडे लक्ष द्यावे. नाकाभोवती किंवा कानाभोवती गोल टक्कल आणि कोंडा दिसला तर ते बहुधा गजकर्ण असते, आणि ते माणसांना लागते. मुलांच्या हातावर किंवा मानेवर तसलाच गोल चट्टा उठला तर नुसते मलम आणून चोळू नये, मुलालाही आणि प्राण्यालाही आपापल्या डॉक्टरांकडे न्यावे. एरवीही हाताळून झाल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावावी.

पहिल्या मादीनंतर चार महिने आमच्याकडे कोणी दुसरी आणण्याचे नाव काढले नाही. भुऱ्या एकटाच होता. शेवटी हुबळीहून एका ओळखीच्या घरातल्या दोघी आल्या, एक तीन वर्षांची काळी आणि एक पाच महिन्यांची, तिचीच सोबतीण. त्या तिघांची पहिली भेट आम्ही कशी घडवली ते सांगतो, कारण ती बरी झाली.

भेट नराच्या पिंजऱ्यात कधी घडवू नये. ती त्याची मालकीची जागा. आम्ही पडवीत जुन्या चादरी अंथरल्या, भोवती फळ्या लावल्या, मधे गवताचे तीन ढीग घातले आणि तीन खोकी ठेवली. प्रत्येक खोक्याला दोन तोंडे कापली. एकच तोंड असले की आत शिरलेला कोंडीत सापडतो आणि तेथेच चावाचावी होते. आधी दोघींना सोडले, त्यांना जागा हुंगू दिली, मग भुऱ्याला आणले.

भुऱ्याने मान ताणून वास घेतला. मग त्याने एक घोगरा, गुरगुरल्यासारखा आवाज काढला आणि कंबर डावीउजवीकडे हलवत तो काळीभोवती फेऱ्या घालू लागला, अगदी वरातीत नाचणाऱ्यासारखा. हे त्यांचे प्रेम करणे. काळीने काय करावे? मागे वळूनही न पाहता तिने त्याच्या तोंडावर मुताची धार सोडली. मुले हसून लोटपोट झाली. मादीला नको असले की ती हेच करते. त्यात काही वाईट नाही. नंतर तिने दात कडकड वाजवले, मानेवरचे केस फुलवले, त्याला दोन हात मागे हटवले. आम्ही तेव्हाच त्यांना वेगळे करणार होतो. बरे झाले, केले नाही. पाठलाग, अंगावर चढणे, ढुशा, दात वाजवणे, हे सगळे थोरले कोण हे ठरवण्याचे व्यवहार आहेत. ते ठरेपर्यंत मधे पडले की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

थांबवायचे केव्हा? दोघे समोरासमोर उभे राहून, केस फुलवून, सतत दात वाजवत एकमेकांवर झडप घालू लागले, किंवा रक्त निघाले, तर लगेच. हात मात्र मधे घालू नये. त्या क्षणी ते कोणालाही चावतात आणि ते दात खोल जातात. जाड टॉवेल किंवा घमेले मधे टाकावे. अशा जोडीला आठवडाभर जाळीआड ठेवून पुन्हा एकदा पाहावे, आणि तरीही रक्त निघाले तर ती जोडी जमत नाही हे मान्य करून दुसरी मादी पाहावी. माणसांत जमत नाही, तर त्यांच्यात सगळीकडे जमलेच पाहिजे असे कसे?

आमच्याकडे दुपारपर्यंत काळी मालकीण झाली. संध्याकाळी तिघेही एकाच ढिगाचे गवत तीन बाजूंनी ओढत होते. मग त्यांना धुऊन काढलेल्या, नवे गवत घातलेल्या पिंजऱ्यात एकत्रच नेले. तीन दिवस कुरबुरी चालल्या. चौथ्या दिवशी सकाळी धाकटी भुऱ्याच्या कुशीला टेकून झोपलेली दिसली, आणि त्याच दिवशी त्याने आपल्या वाटचे सगळे गवत संपवले.

पुढे पंधरासोळा दिवसांनी घरात गडबड. भुऱ्या पुन्हा घोगरे आवाज काढत धाकटीवर चढत होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, तुमच्या डॉक्टरांचे काम काही पक्के झालेले दिसत नाही. तसे नसते. मादी साधारण दर पंधरासोळा दिवसांनी काही तास माजावर येते, आणि खच्ची नरही त्या वेळी आपली हौस दाखवतो. सहा आठवडे उलटलेले असतील तर त्यातून पिल्ले होत नाहीत.

चारा, उन्हाळा आणि औषधाची बाटली

तिघे झाले की चारा तिप्पट लागतो, तेव्हा त्याविषयी थोडे. यांचे मुख्य अन्न वाळलेले गवत. ते रात्रंदिवस पुढ्यात हवे, कारण दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच झिजतात. कोवळी हिरवी ज्वारी गुरांना विषारी होते हे आपण जाणतोच. ती यांनाही घालू नये. लसूणघास पिलांना व गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज नको, त्यातल्या चुन्याने मुतखडा होतो. दूधवाले शेतकरी बांधावर गिनी गवत लावतात, ते यांना आवडते. (गवतही गिनीचे आणि पिगही गिनीचे, पण गवत खरोखर आफ्रिकेतले आहे, एवढा फरक.) चाऱ्याच्या जातींविषयी चौकशी करायची असेल तर झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेचे दक्षिणेकडचे केंद्र धारवाडलाच आहे.

आणखी एक गोष्ट माणसासारखी. क जीवनसत्त्व आपले शरीर बनवू शकत नाही, गिनीपिगाचेही नाही. नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघा शास्त्रज्ञांना १९०७ साली नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांतच माणसासारखा स्कर्व्ही रोग आढळला, आणि त्यातून पुढे या जीवनसत्त्वाचा शोध लागला. म्हणून रोज ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबीर, अधूनमधून पेरूचा छोटा तुकडा द्यावा. नवलूरचे पेरू आपल्या दारातच आहेत, पण ते गोड, तेव्हा तुकडा म्हणजे तुकडाच. भाकरी, चपाती, बिस्किटे, डाळी नकोत. फवारलेल्या शेतातली भाजी तर मुळीच नको. मादी माजावर येते, नर पाठलाग करतो, सगळ्यांची धावपळ वाढते. अशा वेळी सांधे दुखून लंगडणारा गिनीपिग पाहिला की लोक भांडणात लागले असे समजतात. पुष्कळदा ते क जीवनसत्त्वाची उणीव असते.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ठेवू नये. हे थंड डोंगरातले प्राणी आहेत. तिशीच्या वर पारा गेला की त्यांना ऊन लागते. आडोशाची जमीन, ओले पोते भोवती टांगलेले, बसायला फरशीचा तुकडा, एवढे पुरते. पावसाळ्यात उलट, ओले अंथरूण तळव्यांना फोड आणते.

आणि एक सूचना खास गुरे पाळणाऱ्यांसाठी. गाईच्या स्तनदाहासाठी आणलेली पेनिसिलिनची बाटली बहुतेक गोठ्यांत असते. झटापटीत जखम झाली म्हणून त्यातले दोन थेंब गिनीपिगाला कधी देऊ नयेत, घरात मुलासाठी आणलेले अमॉक्सिसिलिनही नको. या औषधांनी त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि थोड्याच दिवसांत तो दगावतो. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी आणि डॉक्टरांना हा गिनीपिग आहे हे आवर्जून सांगावे.

ते शेतकरी बंधू गेल्या रविवारी पुन्हा भेटले. शस्त्रक्रियेला सात आठवडे पूर्ण झाले होते. भिंतीवर तारीख लिहून मुलानेच रोज एक रेघ मारली, असे त्यांनी सांगितले. बरोबर बुटाच्या खोक्यात दोन पिल्ले होती, दोन्ही माद्या म्हणून घेतलेली. आम्ही चष्मा लावून, उजेडात धरून पाहिली. एक मादी होती. दुसरा नर होता. तो त्याच दिवशी बदलून आणायला ते हुबळीला गेले.